लवकर, पटकन, भरभर: वेग सांगणाऱ्या इंग्रजी शब्दांवरील पुस्तकाची प्रस्तावना

'लवकर ये' या दोन शब्दांत मराठी माणूस तीन निराळ्या गोष्टी सांगतो. ठरल्या वेळेच्या आधी ये. फार दिवस न लावता ये. वाटेत वेळ न घालवता ये. यांतली कोणती सांगायची आहे ते ऐकणाऱ्याला प्रसंगावरून कळते, म्हणून मराठीत कुठे अडत नाही. इंग्रजीत या तिन्हींसाठी तीन शब्द आहेत: अर्ली, सून आणि क्विकली. मराठी माध्यमात शिकलेला मुलगा नोकरीच्या ठिकाणी पहिल्यांदा 'आय विल कम फास्ट' असे लिहितो, तेव्हा तो या तिघांनाही सोडून चौथाच शब्द उचलतो. वाचणाऱ्याला तो धावत येईल असे वाटते. त्याला सांगायचे असते की उद्या तो नेहमीपेक्षा अर्धा तास आधी पोहोचेल.

हे पुस्तक अशा शब्दांविषयी आहे. फास्ट, क्विक, रॅपिड, स्विफ्ट, स्पीडी, प्रॉम्प्ट, ब्रिस्क, हेस्टी ही एका बाजूची मंडळी. स्लो, ग्रॅज्युअल, लेझर्ली, स्लगिश, डिलिबरेट ही दुसऱ्या बाजूची. शब्दार्थांच्या वहीत पहिल्या आठांपुढे 'जलद, शीघ्र, त्वरित, वेगवान' ही एकच माळ लिहिलेली असते आणि उरलेल्या पाचांपुढे 'हळू, मंद, सावकाश'. विद्यार्थी ती माळ पाठ करतो आणि हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील असे धरून बसतो. ते चालत नाहीत. फास्ट फूड असते, क्विक फूड नसते. उलट दोन मीटिंगांच्या मध्ये उरकलेले जेवण क्विक मील होते, फास्ट मील होत नाही. आजाऱ्याला स्पीडी रिकव्हरी चिंततात. बिल वेळेवर भरणाऱ्याचे पेमेंट प्रॉम्प्ट असते. शहराची वाढ रॅपिड असते, आणि ज्या निर्णयाचा पुढे पश्चात्ताप होतो तो हेस्टी.

या शब्दांना चढत्या वेगाच्या पायऱ्यांवर बसवण्याचा मोह होतो: क्विकच्या वर फास्ट, त्याच्या वर रॅपिड. तसे करता येत नाही. बुद्धिबळ पाहा. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२३ साली कोलकात्याच्या टाटा स्टील स्पर्धेत महिलांचा रॅपिड प्रकार जिंकला, तेव्हा मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडा पानांवर 'जलद' हा शब्द आला. त्याच पानांवर 'अतिजलद' म्हणजे ब्लिट्झ. रॅपिडमध्ये प्रत्येक खेळाडूला पूर्ण डावासाठी दहा मिनिटांहून जास्त आणि साठ मिनिटांहून कमी वेळ मिळतो. ब्लिट्झमध्ये दहा मिनिटे किंवा त्याहून कमी. म्हणजे तिथे रॅपिड हा वेगाचा कळस नाहीच. वेग किती हे सांगणे या शब्दांचे मुख्य काम नाही. घडणाऱ्या गोष्टीचा कोणता भाग पाहायचा, हे ते सांगतात.

आमच्या भागातल्या बैलगाडा शर्यतीत हे लख्ख दिसते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. पुणे जिल्ह्यातल्या घाटावर गाडे एकमेकांच्या शेजारून पळत नाहीत. एकेक गाडा एकटा पळतो, त्याची बारी घड्याळावर मोजतात आणि सगळ्यांत कमी सेकंदांत पोहोचतो तो घाटाचा राजा. सांगली-साताऱ्याकडे गाड्या एकाच वेळी सुटतात आणि पुढे कोण हे डोळ्यांनी दिसते. पहिल्या पद्धतीत पाहणाऱ्याचे लक्ष लागलेल्या वेळावर असते, दुसरीत पळणाऱ्यावर. सरळ रेषेत पळणाऱ्या मोटारींच्या ड्रॅग शर्यतीत इंग्रजीने नेमका हाच फरक दोन शब्दांत बांधला आहे. सगळ्यांत कमी वेळात अंतर कापणारी गाडी क्विकेस्ट, आणि शेवटच्या रेषेवर जिचा वेग सगळ्यांत जास्त भरतो ती फास्टेस्ट. एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर हे दोन मान दोन वेगळ्या गाड्यांना मिळू शकतात. क्विक काळ मोजतो, फास्ट गती मोजतो. एवढे एक मनात ठसले तरी निम्म्या चुका टळतात.

बाकीच्या शब्दांच्या नजरा अशाच वेगवेगळ्या. रस्त्यात अपघात झाला आणि कुणी १०८ ला फोन केला असे समजू. फोन लगेच उचलला गेला, तर प्रतिसाद प्रॉम्प्ट. इथे सुरुवात होण्यापूर्वी किती वेळ गेला एवढेच पाहिले जाते. रुग्णवाहिका रस्त्यावरून धावते ती फास्ट. आतल्या डॉक्टरांनी जखमेवर पटकन नजर टाकली, तर तो क्विक लुक. जखमीची नाडी एकामागून एक ठोके भराभर देते, ती रॅपिड. पोलिसांनी घोळ न घालता रस्ता मोकळा केला, तर ती स्विफ्ट ॲक्शन; या शब्दात अडथळा न होता सरकत जाण्याचा भाव आहे. माणूस अपेक्षेपेक्षा आधी घरी परतला, तर स्पीडी रिकव्हरी, कारण स्पीडीचे लक्ष शेवटाकडे असते. आणि पाहिल्या-न पाहिल्यासारखे करून कुणी दोष एकाच्या माथी मारला, तर तो हेस्टी कन्क्लूजन. यात वेगाइतकाच पाहणाऱ्याचा ठपका आहे.

मराठी वाचकाला ही दृष्टी नवी नाही, हे मला या पुस्तकात सर्वांत आधी सांगायचे आहे. आपल्या भाषेत असे फरक याहून बारकाईने केलेले आहेत; ते आपण शिकलो नाही, ऐकत वाढलो, म्हणून जाणवत नाहीत. 'पटकन उत्तर दिले' आणि 'पटपट उत्तरे दिली' ही दोन वाक्ये शेजारी ठेवा. पहिल्यात एकच उत्तर आणि ते क्षणात. दुसऱ्यात उत्तरांची रांग, एकामागून एक. चटकन, झटकन, सुळकन, गपकन यांतला 'कन' एका झटक्यात संपणारी क्रिया दाखवतो. भरभर, झपझप, सरसर, पटापट यांतली द्विरुक्ती चालू राहिलेली क्रिया दाखवते. म्हणून 'पटकन बस' म्हणतात आणि 'भरभर चाल' म्हणतात. 'भरभर बस' कुणी म्हणत नाही. हाच कान इंग्रजीकडे वळवला की क्विक आन्सर आणि रॅपिड आन्सर्स यांतला फरक पाठ करावा लागत नाही. पहिला 'कन'चा, दुसरा द्विरुक्तीचा. हे जुळणे सगळीकडे तंतोतंत बसत नाही. कुठे सुटते तेही पुस्तकात दाखवले आहे, पण आरंभाला हा आधार भक्कम आहे.

जिथे आपली भाषा दोन गोष्टी एकत्र धरते आणि इंग्रजी त्या वेगळ्या करते, तिथे मात्र कान दगा देतो. 'लवकर' हे एक उदाहरण झाले. त्याहून खोल रुतलेली जोडी 'हळू' आणि 'जोरात' ही आहे. 'हळू बोल, बाळ झोपलंय' यातल्या 'हळू'चा वेगाशी काहीही संबंध नाही. आवाज खाली आण, एवढेच सांगायचे आहे. तरी मराठी माणूस त्याचे 'स्पीक स्लोली' करतो, आणि समोरचा एकेक शब्द सुटा करून तितक्याच मोठ्या आवाजात बोलू लागतो. तिथे सॉफ्टली हवे. 'जोरात'चे तसेच: गाडी जोरात, आवाज जोरात, पाऊस जोरात, मार जोरात, धंदाही जोरात. इंग्रजीत या पाचांना फास्ट, लाउड, हेवी, हार्ड आणि ब्रिस्क असे पाच शब्द लागतात. माझ्या मते मराठी विद्यार्थ्याच्या वेगविषयक चुकांचे मोठे मूळ या जोडीत आहे. शब्दसंपत्ती कमी असणे हे कारण त्यामानाने लहान. व्याकरणाच्या पुस्तकांत या जोडीला जागा मिळत नाही, म्हणून इथे तिला स्वतंत्र भाग दिला आहे.

गंमत अशी की इंग्रजीतला फास्ट स्वतः याच वाटेने आला आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ घट्ट, पक्का असा होता. कापडाचा न जाणारा रंग आजही फास्ट कलर असतो आणि गाढ झोपलेला माणूस फास्ट असलीप. उपवासाचा फास्टही त्याच कुळातला, व्रत घट्ट धरण्याचा. रक्ततपासणीच्या कागदावर 'फास्टिंग' वाचताना वेग आठवायचे कारण नाही. घट्ट धरण्यावरून हा शब्द जोर लावून करण्याकडे गेला आणि जोर लावून धावण्यावरून वेगाने धावण्याकडे. आपल्या 'जोरात'नेही तेच केले: आधी बळ, मग वेग. क्विकचे मूळ वेगळे. तो जिवंत या अर्थाचा शब्द. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात 'क्विक'चा पहिला अर्थ जिवंत, मृत नसलेला असाच आहे. पाऱ्याला क्विकसिल्व्हर म्हणतात ते त्याच्या जिवंतपणामुळे, आणि नखाखालच्या हुळहुळ्या मांसाचे इंग्रजी नाव क्विक आहे तेही त्याचमुळे. रॅपिड लॅटिनमधल्या हिसकावून नेण्याच्या धातूवरून आला. स्पीडचा जुना अर्थ यश, भरभराट. स्पीडी रिकव्हरीत नजर अजून फळाकडेच असते, ती या जुन्या अर्थाची राहिलेली खूण असावी असे मला वाटते. मूळ कळले म्हणजे आजचा वापर कळला असे होत नाही. पण मूळ माहीत असले की शब्द लक्षात राहतो, आणि एकाच माळेतले मणी एकाच खाणीतले नाहीत हे पटते.

सारख्या अर्थाच्या शब्दांचा अभ्यास जगात मुख्यतः दोन वृत्तींनी झाला. एक जमवणाऱ्यांची, दुसरी पारखणाऱ्यांची. जमवणाऱ्यांत आपला अमरकोश अग्रणी. शीघ्र, त्वरित, क्षिप्र, द्रुत, सत्वर, तूर्ण, आशु हे शब्द त्याने एकत्र बांधले, आणि पाठशाळेतल्या पिढ्यान् पिढ्यांनी ते मुखोद्गत केले. कवीला वृत्तात बसणारा शब्द हाताशी असावा, हा त्याचा एक मोठा उपयोग. पीटर मार्क रॉजे याचा १८५२ चा थिसॉरसही याच जातीचा, फक्त पद्यात नसलेला. पारखणाऱ्यांची परंपरा युरोपात गाब्रिएल जिरार या फ्रेंच धर्मगुरूच्या १७१८ च्या पुस्तकापासून मोजतात. खऱ्या अर्थाने समान असे दोन शब्द नसतातच, या भूमिकेतून त्याने फ्रेंच शब्दांच्या जोड्या सोडवून दाखवल्या. इंग्रजीत हेस्टर लिंच पिओझी हिने १७९४ मध्ये 'ब्रिटिश सिनॉनिमी' लिहिले. तिचे पती इटालियन होते, आणि पुस्तक तिने इंग्रजीचा अभ्यास करणाऱ्या परदेशी मित्रमंडळींना अर्पण केले. परक्या भाषेच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला कुठला शब्द कुठे ठेवावा हे सांगण्याची तिची कळकळ मला आजही जवळची वाटते. जॉर्ज क्रॅबचा १८१६ चा ग्रंथ त्यानंतरचा. तो व्युत्पत्तीवर इतका भर देतो की प्रत्यक्ष वापर कधी कधी मागे पडतो.

महाराष्ट्रात इंग्रजी आणि मराठी समोरासमोर आल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. जेम्स मोल्सवर्थने जॉर्ज आणि थॉमस कँडी या बंधूंच्या आणि इथल्या शास्त्र्यांच्या मदतीने रचलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला सुरू झाले, तेच मुळी दोन स्तंभांत: एकीकडे इंग्रजी, दुसरीकडे मराठी. थॉमस कँडीच्या नावाने इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये आला. विसाव्या शतकाच्या आरंभी नीलकंठ बाबाजी रानडे यांचा मोठा इंग्रजी-मराठी कोश खंडशः प्रसिद्ध होऊ लागला. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत पुरा झाला आणि १९५० मध्ये त्याला पुरवणी जोडली गेली. या मालिकेतल्या मोल्सवर्थविषयी मला विशेष आदर आहे. मराठीतल्या ध्वन्यनुकारी शब्दांना त्याने पोरकट म्हणून टाळले नाही. त्यांचे वर्णन त्याने इतक्या निगुतीने केले आहे की तेच अर्थ इंग्रजीत सांगताना त्याला कधी कधी वाक्येच्या वाक्ये खर्चावी लागली. वेगाचे आपले किती शब्द नादातून जन्मलेले आहेत, हे पाहायला आजही तोच कोश काढावा.

इंग्रजीकडून मराठीकडे येणारे कोश मात्र शब्दापुढे पर्यायांची माळ देत राहिले. त्यात त्या कोशकारांची चूक नव्हती. त्यांच्या काळी मराठी माणसाला मुख्यतः इंग्रजी वाचायचे होते, आणि वाचणाऱ्याला माळ पुरते. संदर्भ समोर असतो, मण्यांतला योग्य तो आपोआप हाती येतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने घराघरांत इंग्रजी वाक्यरचना नेली, तेव्हाही शिकणाऱ्यांचा मोठा भाग वाचणारा आणि कचेरीत ठरावीक साच्याची पत्रे लिहिणारा होता. लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या माणसाची गरज उलटी असते. त्याच्याजवळ अर्थ असतो आणि शब्द निवडायचा असतो. निवडीसाठी माळ कुचकामी. हा बदल झाला, पुस्तके बदलली नाहीत. सन २००० पासून राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आली, तरी शब्दार्थांची वही तशीच राहिली.

विसाव्या शतकात पारखणाऱ्यांना एक नवे हत्यार मिळाले. शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांवरून ओळखावा, असे लंडनच्या जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये मांडले. मायकेल हॅलिडे यांनी १९६६ मध्ये चहा स्ट्राँग आणि मोटार पॉवरफुल का, उलट का नाही, असा साधा प्रश्न उभा केला. पुढे बर्मिंगहॅमला जॉन सिंक्लेअर यांनी लाखो शब्दांचे प्रत्यक्ष लिखाण संगणकात भरून त्यावरून कोश बनवला, तो 'कोबिल्ड' १९८७ मध्ये निघाला. आणि इथे महाराष्ट्राचा एक मोलाचा वाटा आहे, जो फार थोड्यांना ठाऊक आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली भारतीय इंग्रजीचा असा पहिला संग्रह तयार झाला: १९७८ साली छापलेल्या लिखाणातले सुमारे दोन-दोन हजार शब्दांचे पाचशे उतारे, एकूण दहा लाख शब्द. १९८६ मध्ये पूर्ण झालेला हा संग्रह 'कोल्हापूर कॉर्पस' या नावाने जगभरचे भाषाशास्त्रज्ञ वापरतात. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संग्रहाच्या धर्तीवर तो रचलेला असल्यामुळे भारतीय इंग्रजी आणि अमेरिकी इंग्रजी शेजारी ठेवून ताडता येतात. आपण लिहितो ते इंग्रजी चूक की बरोबर एवढ्यावर न थांबता, ते कसे आहे हे आधी मोजून पाहावे, ही शिस्त कोल्हापुरात रुजली याचा मला अभिमान वाटतो.

आणखी एक वाट भाषांची तुलना करणाऱ्यांची. लेनर्ड टॅल्मी यांनी १९८५ मध्ये दाखवले की काही भाषा हालचालीची रीत क्रियापदातच भरतात आणि काही ती बाहेर ठेवतात. इंग्रजी पहिल्या गटातली: स्कॅम्पर, ट्रज, टॉडल, डॅश, स्ट्रोल ही सगळी क्रियापदेच. मराठी 'चालणे' आणि 'धावणे' यांवर भागवते आणि रीत शेजारच्या शब्दावर सोपवते. बाळ दुडुदुडु धावते, म्हातारी तुरुतुरु चालते, साप सरसर जातो, दमलेला माणूस पाय ओढत येतो. असे नादशब्द भारतातल्या वेगवेगळ्या कुळांच्या भाषांत पसरलेले आहेत, हे मरे एमेनो यांनी १९६९ च्या निबंधात मांडले. म्हणूनच मराठीतून इंग्रजीत जाताना 'वॉक्ड स्लोली', 'रॅन फास्ट' अशी क्रियाविशेषणे लावलेली वाक्ये येतात. ती चुकीची नसतात, फक्त त्यांतून तुरुतुरु आणि दुडुदुडु गळून गेलेले असते.

मराठीने इंग्रजीचे वेगशब्द घरात घेतले, ते कसे बसवले याचाही इतिहास आहे. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाल्यावर प्रशासनाच्या परिभाषेला वेग आला. आज आपल्याकडे एक्स्प्रेसवे द्रुतगती महामार्ग आहे, फास्ट ट्रॅक कोर्ट जलदगती न्यायालय आहे, आणि रॅपिड व क्विक या दोघांसाठी कधी शीघ्र येतो, कधी जलद. इथे संस्कृतातली ती जुनी माळ पुन्हा कामाला आली, पण वाटप सवयीने झाले, अर्थाने नाही. सर्वांत विचार करून केलेली वाटणी शाळेतल्या विज्ञानात आहे. नववीच्या पुस्तकात स्पीडला चाल आणि व्हेलॉसिटीला वेग म्हटले आहे. चालीला फक्त परिमाण, वेगाला परिमाण आणि दिशा. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ही व्यवस्था स्वच्छ आहे. पण रस्त्यावरची पाटी 'वेगमर्यादा' म्हणते, तिला दिशेशी कर्तव्य नाही, आणि मुलगा परीक्षेच्या बाहेर 'गाडीची चाल' म्हणत नाही. शाळेतली मराठी आणि रस्त्यावरची मराठी यांतले हे अंतर इंग्रजीच्या तासाला विद्यार्थ्याच्या पाठीवर ओझे म्हणून येते.

खेळ आणि संगीत यांत ही वाटणी अधिक जिवंत झाली, कारण ती कानांनी केली. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांसारख्यांनी मराठीतून क्रिकेटचे समालोचन केले, तेव्हा श्रोत्याला दिसत नसलेला चेंडू शब्दांतून दाखवायचा होता. फास्ट बोलर जलदगती गोलंदाज झाला, मीडियम पेसर मध्यमगती. पण क्विक सिंगल 'जलद एकेरी' झाली नाही, ती 'चोरटी धाव' झाली. त्या धावेत गतीपेक्षा क्षण साधण्याला महत्त्व आहे, हे या शब्दाने कोशापेक्षा अचूक पकडले. आमच्या जांबे गावापासून जवळच गहुंज्याला २०१२ मध्ये क्रिकेटचे मैदान सुरू झाले. सामन्याच्या दिवशी या रस्त्यांवर दोन्ही भाषांतले हे शब्द एकाच वाक्यात ऐकू येतात. संगीतात विलंबित, मध्य आणि द्रुत या तीन लयी आहेत. विलंबित म्हणजे उशिरा आलेले असे तिथे कुणी समजत नाही. सवाई गंधर्व महोत्सवात, जो पुण्यात १९५३ पासून होतो, किराणा घराण्याचा ख्याल विलंबितात उलगडतो तेव्हा त्या संथपणात कमीपणा नसतो. स्लो आणि लेट, लेझर्ली आणि स्लगिश, डिलिबरेट आणि डल यांतला भेद समजावताना मी हेच उदाहरण घेतो. डिलिबरेट स्टेप्स म्हणजे विचारपूर्वक, तोलून टाकलेली पावले. 'मुद्दाम' एवढाच अर्थ पाठ केलेला विद्यार्थी इथे अडखळतो.

आज या विषयाची निकड कुठून आली, असे कुणी विचारेल. जांबे हे मुळशी तालुक्यातले गाव. मारुंजी आणि नेरे ही शेजारची गावे, आणि पलीकडे हिंजवडीचे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान. ज्या घरांत आजोबांची भाषा भात, ऊस आणि बैलांची होती, त्याच घरांतली मुले-मुली आता दिवसभर इंग्रजीत टपाल लिहितात. 'प्लीज डू इट फास्ट' हे वाक्य मराठीतल्या 'जरा लवकर करा हं' इतके मऊ आहे असे लिहिणाऱ्याला वाटते. वाचणाऱ्याला ते हुकूम सोडल्यासारखे लागते. 'प्रॉम्प्ट रिप्लाय'बद्दल आभार मानणे सौजन्य आहे; 'हेस्टी रिप्लाय' म्हटले तर अपमान. अशा एकेका शब्दावरून हुशार माणूस उद्धट किंवा अडाणी ठरतो, आणि तसे का ठरलो हे त्याला कुणी सांगत नाही. मला हा अन्याय वाटतो. शब्दाची निवड शिकवण्याजोगी गोष्ट आहे, ती शहरी घरात जन्मल्याचे बक्षीस असू नये.

नोकरीपलीकडेही हे शब्द माणसाच्या आयुष्याला भिडतात. १९७९ च्या हुसेनारा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पीडी ट्रायल हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खटल्याविना पडलेल्या कच्च्या कैद्यांचे ते प्रकरण होते. तिथे फास्ट हा शब्द अपुरा पडला असता, आणि हेस्टी ट्रायल म्हणजे तर न्यायाचा घातच. विनाविलंब आणि घाईघाईने यांत जेवढे अंतर, तेवढेच या दोन शब्दांत आहे. २०२० मध्ये करोनाच्या साथीत 'रॅपिड टेस्ट' हा शब्द गावागावांत पोहोचला, आणि रॅपिड म्हणजे निकाल लवकर येणारी, खात्रीची नव्हे, हे समजावता समजावता आरोग्यसेविकांचे दिवस गेले. रुग्णाने डॉक्टरांना 'ब्रीदिंग इज फास्ट' सांगितले तरी भागते. पण अहवालात रॅपिड आणि शॅलो असे दोन शब्द शेजारी आले तर त्यांतला एक ठोक्यांच्या रांगेसारखा श्वासांचा दर सांगतो आणि दुसरा श्वासाची खोली, हे नातेवाइकाला कळायला हवे.

या पुस्तकाने काय करायचे ठरवले, ते आता थोडक्यात. शब्दापुढे शब्द देण्याचे टाळले आहे. प्रत्येक इंग्रजी शब्दाला आधी तीन प्रश्न विचारले आहेत: तो घटनेचा कोणता भाग पाहतो, एक झटका की चालू राहणारी गती; तो पसंती दाखवतो की ठपका; आणि त्याच्या शेजारी नेहमी कोण बसते. मग मराठीतली तशाच प्रसंगाची वाक्ये दिली आहेत, त्यांतली बरीचशी शेतातली, एसटीतली, लोकलमधली, कचेरीतली. फास्ट लोकल जलद का म्हणवते, तर दोन स्थानकांच्या मध्ये ती फार वेगाने पळते म्हणून नव्हे, मधली स्थानके सोडते म्हणून, अशा साध्या निरीक्षणांवर पुष्कळ विवेचन उभे आहे. सरकारी व्याख्या जिथे आहे तिथे ती दिली आहे. ब्रॉडगेजवर दोन्ही दिशांना ताशी सरासरी ५५ किलोमीटर गाठणारी गाडी रेल्वेच्या लेखी सुपरफास्ट ठरते. कानाला भव्य वाटणारा शब्द कागदावर किती मर्यादित असू शकतो, ते यावरून दिसावे.

मंद बाजूचे शब्द मी आधी घेतले आहेत. वेगाच्या शब्दांत स्तुती आणि निंदा मिसळून गेलेली असते. संथपणाच्या शब्दांत ती उघड असते, म्हणून शिकायला तेच सोपे. धावण्या-चालण्याची क्रियापदे फक्त गरजेपुरती आली आहेत, कारण स्ट्रोलपासून स्कॅम्परपर्यंतच्या त्या मोठ्या गोतावळ्याला वेगळे पुस्तक लागेल. अमेरिकी आणि ब्रिटिश वापरात फरक आहे तिथे तो नोंदवला आहे, आणि भारतीय इंग्रजीत रूढ झालेल्या रूपांना सरसकट चूक म्हटलेले नाही. 'फास्टली' मात्र टाळावे असे स्पष्ट लिहिले आहे. फास्ट हेच विशेषण आणि तेच क्रियाविशेषण असल्यामुळे त्या शेपटीची गरज पडत नाही, आणि नोकरीच्या अर्जात तेवढ्या एका शब्दावर वाचणारा थबकतो.

सराव करणाऱ्याने पुस्तक पहिल्या पानापासून वाचण्याची गरज नाही. स्वतःच्या लिखाणातले एखादे टपाल, अर्ज किंवा निबंध घ्यावा, त्यातला वेगाचा शब्द शोधावा आणि त्या शब्दाचे पान उघडावे. शिक्षकांना विनंती एवढीच की वर्गात आधी मराठी वाक्य फळ्यावर लिहावे. 'तो पटकन उठला', 'तो लवकर उठला', 'तो घाईघाईने उठला': तिन्ही वाक्यांतले उठणे वेगळे कसे, हे मुलांना स्वतःच्या शब्दांत सांगू द्यावे, आणि मगच इंग्रजीकडे वळावे.

जांबे, ता. मुळशी, जि. पुणे